परातीतलं पाणी

भोर,
बुधवार, ता. ३ डिसेंबर २०२५

मालिनीबाईंना रत्नाचा सलाम.

तुमची तब्येत बरी आसंल. थंडीनं गुडघा दुखत आसंल तर शेकत जावा. हितं चर्चात समदं ठीक. नाताळची चांदणी माळ्यावरनं काढून पुसली, एक कोपरा उंदरानं खाल्लाय. बाकडी धुतली. झाली खुशाली. आता मुद्द्याचं लिवते.

म्या चौथी शिकलेली. तुमी मास्तरीनबाई व्हता, तवा लाल पेन घिऊन वाचायला बसू नका. तोंडानं बोलायला आले आसते, पण आपण दोघी बी वरडतो, मग पाळकसाहेब मधी येऊन डोळे मिटायला लावत्यात आन बोलायचं तसंच ऱ्हातं. मोबाईलवर लिवलं तर तुमी त्ये महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकाल. म्हणून कागुद.

पाळकसाहेबांनी भितीवर नियम लावल्यात, बगितलेच आसतील. ‘मंडळीतील सेवक व स्वयंसेवक यांनी एकमेकांशी आदराने बोलावे.’ खाली सात नियम, वर प्लास्टिक. खिळा म्याच ठोकला. आन ठोकताना मागनं तुमचाच आवाज, “अगं वाकडं लावतेस, डोळे फुटले का तुझे?” पाळकसाहेबांनी ऐकलं, खाली बगितलं आन चपला घालून गेले. म्या हसावं का रडावं?

पगारी बाई हाय म्हणून कुणी बी यावं आन तोंड सोडावं, आसं हाय का? तुमी फुकट सेवा करता, मान्य. प्रभू बगतोय. पण फुकट सेवा म्हंजे दुसऱ्याला झोडायचा परवाना न्हाई. मागल्या म्हयन्यात, पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या टेबलापशी तुमी ग्लासांच्या ट्रेवरचं कापड उचललं आन समद्या मंडळीसमोर वरडलात, “रत्ना! अक्कल आहे का तुला? गोठ्यात वाढलीस का?” माझी सून पोराला घिऊन तिसऱ्या बाकड्यावर बसलेली. घरी गेल्यावर ती माझं ताट वाढून पोराला घिऊन आत गेली. बोलली आसती तर बरं झालं आसतं.

मुंग्या व्हत्या, खरं हाय. काळी रांग. ग्लासाग्लासात.

आता ऐका. तुमी रविवारी ग्लास उचलता, पण शनवारी काय व्हतं त्ये तुमी कधी बगितलं न्हाई. पाळकसाहेब सकाळची उपासना वेल्ह्यात घिऊन गाडीवरनं थेट हितं येत्यात, म्हणून ग्लास आदल्या दिशीच भरावे लागत्यात. त्यासाठी आंबवड्याच्या ठकुबाईमावशी शनवारी एसटीनं येत्यात. तीस वर्सं झाली. माणशी एक, आसे बासष्ट ग्लास धुवायचे, पुसायचे, द्राक्षाचा रस भरायचा, वर पांढरं कापड घालायचं. त्या कापडावरचा क्रूस त्यांनीच भरलाय. त्यो ट्रे टेबलापशीच पालथ्या पातेल्यावर ठेवायचा आन पातेलं पाण्याच्या परातीत. मुंगीला पवता येत न्हाई. मग मावशी रात्री माझ्याच खोलीत झोपत्यात, घोरत्यात बी लई.

तर त्या रविवारी तुमी वरडलात आन माझ्या तोंडातनं गेलं, “मावशींनी झाकलं व्हतं.”

मावशी पहिल्या बाकड्यावर बसलेल्या. ऐकलं त्यांनी. उठल्या, ट्रे उचलला, मागच्या नळावर बासष्टच्या बासष्ट ग्लास परत धुतले, परत भरले. पाळकसाहेबांनी तवर दोन जादा गीतं घेतली. बोटं पांढरी पडली म्हातारीची.

आन उपासना झाल्यावर तुमी काय केलं? त्यांच्या खांद्यावर हात ठिवला. “मावशी, खूप सेवा केलीत हो तुम्ही. आता थकलात. आता विश्रांती घ्यायची. पुढच्या पहिल्या रविवारी आपण तुमचा सत्कार करू.” किती गोड! अहो-जाहो! भितीवरच्या सातीच्या साती नियमांत बसणारं. माझ्यावर एवढं वरडलात तरी म्या हितंच हाय, दुसऱ्या दिशी झाडू मारत व्हते. त्यांच्याशी आदरानं बोललात आन बाई घरी बसली. त्यासाठी कुठला नियम लावायचा, त्ये विचारा पाळकसाहेबांना.

परवा फोन करून मला इचारता, शाल कुठल्या रंगाची आणू? तवा म्या फोन ठिवला. रेंज गेली न्हवती.

आधल्या गुरुवारी म्या आंबवड्याला जाऊन आले. मावशी अंगणात पावटं सोलत व्हत्या. मला बगून चहा टाकला. म्हणल्या, “मलाच दिसलं न्हाई गं रत्ना. कापड नीट दाबलं नसंल. डोळ्याचं आपरेशन ऱ्हायलंय ना. कुणाच्या पोटात तर न्हाई ना गेल्या मुंग्या?”

म्हयना झाला, म्हातारी त्योच इचार करतीया.

मग आत जाऊन त्ये पांढरं कापड आणलं. धुऊन, इस्त्री करून, पेपरात गुंडाळलेलं. “ह्ये आता तुझ्यापशी ठेव. आन मालिनीबाईंना म्हणावं, शाल नगं. शाल पांघरून म्या कुठं जाऊन बसू?”

म्या चहा पिले. कापड घेतलं. एसटीत बसून परत आले. बोलायला गेल्ते त्ये बोललेच न्हाई.

मालिनीबाई, कापड नीटच व्हतं. चारी बाजूंनी दाबलेलं. मावशींचं काम कापड घालायचं. परातीत पाणी घालायचं काम माझं.

त्या शनवारी परात कोरडी व्हती. तुमचा फोन आल्ता, “खुर्च्या का नाही पुसल्या?” म्हणून. म्या तणतणत भाईर गेले, आत आले तवा परातीचं डोक्यातनंच गेलं. तुमच्यावर ढकलत न्हाई. ढकलायचं त्ये म्या एकदा ढकललं, त्ये म्हातारीवर जाऊन पडलं. तुमी कापड उचललं त्याच घटकेला मला खाली कोरडी परात दिसली व्हती. दिसली आन म्या मावशींचं नाव घेतलं. आन त्याच रविवारी, मनात एवढं आसून, म्या प्रभुभोजनाचा ग्लास उचलला. घशाखाली उतरला बी.

म्हणून सांगते. शनवारी सकाळच्या एसटीनं म्या आंबवड्याला जाते. मावशींना त्यांच्या अंगणात, त्यांच्या सुनंसमोर सांगते, परात कोरडी व्हती. रविवारी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेआधी मंडळीत उभी ऱ्हाऊन परत सांगते. तुमाला यायचं आसंल तर सात वाजता स्टँडवर या. न्हाई आला तर वाट बगणार न्हाई. पण “विश्रांती घ्या” ह्ये तुमी म्हणलंय, त्ये तुमच्याच तोंडानं मागं घ्यावं लागंल. माझ्या म्हणण्यानं मावशी यायच्या न्हाईत. म्या कोण?

शाल आणली आसंल तर दुकानदाराला परत करा. न्हाईतर तुमच्या गुडघ्यावर घ्या.

माझ्यावर वरडलात त्याचा राग हाय, आन ऱ्हाणार. त्यो मंडळीतच तुमाला बोलून दाखवंन. काढून टाकायचं आसंल तर चावी पाळकसाहेबांकडं देते. पण मावशी आल्याबिगर रविवारी म्या ग्लासाला हात लावणार न्हाई. भरायला न्हाई, उचलायला बी न्हाई.

कापड पेपरातनं काढलं न्हाई. मावशींनीच काढावं.

परात कोरडी ठेवलेली,
रत्ना