सुईवालीची पोर

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आजची गोष्ट तुलाच सांगावी वाटली. इथं नांदेडला आमच्या प्रयोगशाळेत आज कातडीच्या तुकड्यावर लसीऐवजी रंगीत पाणी ठेवलं आणि वरून सोनोग्राफीला वापरतात तसलं यंत्र टेकवलं. कानाला ऐकू न येणारा त्याचा आवाज पाण्यातले बारीक बुडबुडे फोडतो, आणि त्या धक्क्यानं औषध आत शिरतं. सुई नाही, टोचणं नाही. कातडी कापून पाहिली तर रंग चांगला खोल उतरला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे आणले. मी ऑटोनं खोलीवर आले, कुलूप काढलं, आणि सांगायला कोणी नव्हतं.

उदगीरजवळच्या त्या गावात तू नर्सबाई होतीस. लसीचा डबा खांद्याला लावून निघालीस की पोरं पळायची. मला कोणी खेळायला घेत नव्हतं. सुईवालीची पोर म्हणायचे. शेजारची एक पोर तेवढी माझ्यासंगं चिंचोके खेळायची. गोवराची लस राहून गेलेल्या पोरांत तीही होती. त्या दिवशी तू तिला शोधत घरोघर फिरतेस. तिची आई म्हणते, "सकाळपासून दिसली न्हाई, बाई." तू माझ्याकडं वळतेस, "तुला ठाव हाय का गं, कुठं गेली?" मी नाही म्हणून मान हलवते. ती तुरीत लपलेली असते. उद्या माय टोचायला येणार, हे तिला आदल्या दिवशी मीच सांगितलेलं असतं. एवढी एकच मैत्रीण होती गं, तीही रुसली असती.

पुढं तिला गोवर निघाला. जिवावरचं टळलं, पण कान वाहायला लागले आणि ऐकू येणं गेलं ते गेलंच. तू रोज ड्यूटी आटोपून तिचे कान पुसायला जायचीस. एकदा भाकरी थापता थापता थांबलीस. "माझंच चुकलं," म्हणालीस, "दुसऱ्या दिवशी परत जायला पायजे होतं मी." तव्यावरची भाकरी करपली. मी मान खाली घालून जेवत राहिले. लातूरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही तू विचारलंस, "ती बरी हाय का गं?" मी नुसतं "हाव" म्हणाले. तेव्हा सांगता आलं असतं.

आज पेढा देताना सरांनी विचारलं, "हे लहान मुलांसाठीच करायचं, असा तुमचा हट्ट का?" मी म्हणाले, "पोरं सुईला भितात ना, सर." ते हसले, मीही हसले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. आणि खरं सांगू, माय? पत्ता असता तरी मी टाकलं नसतं.