आकडे त्याचे नव्हेत

९ जुलै, सकाळ

लाडक्या ठोंब्या,

तुला आत्याचे पोटभर आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत आहे. तू वेळेवर जेवतोस ना?

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. या पत्राचा फोटो काढून तुला पाठवीन. रोज यायचा तो तुझ्या बापाच्या मॉनिटरचा फोटो आजपासून येणार नाही.

"नंबर छान आहेत," असं तू रोज कळवतोस. छानच आहेत रे. पण काल आयसीयूतल्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. रक्तदाब औषधाने धरलाय, श्वास यंत्र देतंय. ते आकडे त्यांच्या मेहनतीचे, तुझ्या बापाचे नव्हेत. झटका मोठा होता, मेंदू सुजलाय. डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुली हलत नाही. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही म्हणाल्या, पण तो पुन्हा कुणाला ओळखेल असं त्यांना वाटत नाही.

मी मॉनिटरचेच फोटो का पाठवत होते, ठाऊक आहे? चेहऱ्याचा काढायला हात धजत नव्हता.

आता गळ्याला भोक पाडून नळी बसवायची का, असा प्रश्न आहे. बाईंनी विचारलं, "त्यांना बोलता आलं असतं तर काय म्हणाले असते?" मला विचार करावा लागला नाही. ट्रक चालवायचा तेव्हा तुझ्या बापाने कधी दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग दिलं नाही. दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसला तरी ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबायचा. त्याचा क्लीनर असाच नळ्या लावून पडला होता. त्याला बघून आला आणि म्हणाला, "ताई, मला असं लटकवून ठेवू नका." तू तेव्हा दारातच उभा होतास. तू ऐकलंस.

तू म्हणशील, आत्या चौथी नापास, तिला यातलं काय कळतं. नाहीच कळत. पण भावाला ओळखते. तुम्ही बापलेक अबोला धरून बसलात. आता तो उठावा आणि एकदा तुझ्याशी बोलावा, म्हणून तू त्याला ताटकळत ठेवतोयस. तेवढ्यासाठी मी त्याचा गळा चिरू देणार नाही. सही करणार नाही. मग मला खुशाल कैदाशीण म्हण.

तू येईपर्यंत यंत्र चालू ठेवायचं डॉक्टरीणबाईंनी कबूल केलंय. ये. त्याचा हात हातात घे, हवं तेवढं भांड. आयुष्यात पहिल्यांदाच तो तुला मध्येच तोडणार नाही. रडू आलं तर मी बाहेर बाकावर आहे.

मग त्याला जाऊ देऊ.

तुझी आत्या,
पण आधी त्याची ताई