पाळण्याची बदली

जबल अखदर,
१० मे २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर वाचलं की डोळे चुरचुरतात, म्हणून पन्नाशीत पुन्हा पत्र लिहायला बसलोय. आपले पोस्टमन म्हणजे शरीफभाई. रत्नागिरीचे आहेत, राहतात आपल्या घराजवळच सीबला, रोज पिकअपमधून साइटचं सामान वर आणतात. जाताना अझैब्याला आपल्या दारात पत्र देतील.

तू विचारलंस मी नक्की करतो काय. डोंगराच्या उतारावर खांब उभे केलेत, त्यांच्यावरून पोलादी दोरी फिरते आणि दोरीला खुर्च्या लटकतात. त्यात बसून माणसं दरीवरून वर जातात. हे सगळं जुनं आहे बरं का. आधी स्वित्झर्लंडच्या मोठ्या डोंगरावर होतं, तिथे नवीन आलं तेव्हा ऑस्ट्रियातल्या एका खेड्याने घेतलं. आता त्या खेड्यात बर्फच पडेनासा झाला, म्हणून त्यांनी विकलं आणि आम्ही बोटीने इथे आखातात आणलं. तुझ्या जिल्हा परिषदेतल्या बदल्यांसारखंच.

येत्या शुक्रवारी दुपारी चारला उद्घाटन आहे. सगळ्या स्टाफच्या घरच्यांना बोलावलंय. पहिली खुर्ची तुझी आणि तुझ्या भाचीची, अंतराची. खरं सांगू? मला आतून भीती वाटते. कशाची ते कळत नाही, म्हणून चिडचिड होते.

आहे तो लोभ जपून ठेव. स्नेहलला यातलं काही बोलू नकोस.

तुझा
अतुल


अझैबा,
११ मे

चि. अतुलास,
अ. उ. आ.

पत्र वाचून मला इतकं हसू आलं की अंतरा धावत आली. अरे, जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसल्यावर "थांबवा, थांबवा" म्हणून गाव गोळा केलंस तो तू, आणि आता तूच लोकांना पाळण्यात बसवणार! भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तू स्वतः एकदा तरी बसलास का त्यात? खरं सांग हं.

शरीफभाई काल मुलांना घेऊन आले होते. अमरीन आणि अयान, दोघंही गोड आहेत. अयानने नवे बूट घेतलेत, ते शुक्रवारीच घालणार म्हणून डब्यात ठेवलेत म्हणे. अंतराने त्यांना आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की पहिली खुर्ची तिची आहे, तेव्हा अमरीनने जरा तोंड फुगवलं.

स्नेहल ऑफिसातून दमून येते, पण माझ्यासाठी भाकरी थापते. बायको गुणाची मिळाली तुला. जेवण वेळेवर घे आणि ताईला विसरू नकोस.

तुझी
द्रौपदीताई


जबल अखदर,
१३ मे

ती. ताईस,
सविनय जय भीम वि. वि.

अंतराला शुक्रवारी आणू नकोस. ताप आलाय म्हण, काहीही म्हण, पण आणू नकोस.

नीट सांगतो. दोरी ताठ राहावी म्हणून खाली एका खड्ड्यात काँक्रीटचा भला मोठा ठोकळा तिला लटकवलेला असतो. दोरी आम्ही जानेवारीत जोडली, तेव्हा इथे हात गोठत होते. उन्हाने लोखंड वाढतं, दोरी लांबते, ठोकळा खाली येतो. काल दुपारी मी चष्मा विसरलो म्हणून परत गेलो तर ठोकळा खड्ड्याच्या तळाला टेकलेला! म्हणजे दोरीला ताणच नाही, ढिली दोरी खांबावरून सुटू शकते. आणि ताई, आमच्या सगळ्या चाचण्या पहाटेच्या. ऊन नको म्हणून इथे सगळेच उजाडताच काम उरकतात आणि दहाला खलास करतात. भर दुपारी ही खुर्च्यांची लिफ्ट अजून एकदाही चाललेली नाही.

यासिरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला की तुला उंचीची भीती आहे हे अख्ख्या साइटला ठाऊक आहे, पाहुण्यांना निमंत्रणं गेलीत, इन्शाल्ला सगळं ठीक होईल. मलाही वाटलं, खरंच ही माझीच जुनी भीती असेल तर? हो, मी एकदाही बसलेलो नाही. खांबाकडे नुसतं वर पाहिलं तरी मी दोन पावलं मागे सरकतो. मग माझं कोण ऐकणार?

माया कमी करू नकोस. फार घाबरलोय.

अतुल


अझैबा,
१४ मे

चि. अतुलास,
अ. उ. आ.

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच. स्नेहलला मी सगळं सांगितलं. असल्या गोष्टी पोटात ठेवणं मला जमत नाही. ती अंतराच्या केसांना तेल लावत बसली.

अतुल, अंतराला मी घरी ठेवीन. त्याला काय लागतं? पण बाकीच्या खुर्च्या रिकाम्या जाणार आहेत का रे? त्यांच्यात बसतील त्यांना कोण सांगणार ताप आलाय म्हणून? आपलं लेकरू तेवढं काढून घ्यायचं आणि दुसऱ्यांची वर जाताना खालून बघायचं, हे तुला बघवेल का? मला तर इथे बसून नुसत्या विचाराने घास उतरत नाही.

तुझी भीती जुनी असेल, असू दे. ठोकळा तर तुझ्या भीतीने खाली आला नाही ना? खुर्च्यांवर दगड ठेव, पोती ठेव, पण उद्या भर दुपारी चालवून दाखव. तुला हसले तर हसू दे. नोकरी गेली तर सगळे संभाजीनगरला या, माझ्या पेन्शनीत खाऊ.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं ते खाली मान घालून उभं राहायला नाही. लोभ आहेच, पण धीर धरलास तर दुप्पट होईल.

ताई


जबल अखदर,
१५ मे, संध्याकाळ

ती. ताईस,
सविनय जय भीम वि. वि.

तुझं पत्र शरीफभाईंनी सकाळी हातात दिलं. तसाच यासिरकडे गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हो, मी भित्रा आहे, पण दुपारी चालवल्याशिवाय उद्या कुणाला बसू देणार नाही. मला हाकला नाहीतर ऐका. शेवटी तो यल्ला, म्हणजे चला, म्हणाला.

खुर्च्यांवर पिण्याच्या पाण्याचे भरलेले कॅन बांधले. दुपारी दोनला सुरू केली. छान चालली. साइटवरची पोरं मला चिडवायला लागली. मग, कुणी चढताना धडपडलं तर थांबवतात तशी मी मुद्दाम एकदम थांबवायला लावली. दोरीने हेलकावा घेतला आणि सातव्या खांबावरून निसटली. एक खुर्ची खाली खडकावर आदळून चेपली. कॅन फुटले, उतारावरून पाणी वाहत राहिलं. यासिर धुळीतच खाली बसला. नंतर त्यानेच उद्घाटन रद्द केलं.

ऑफिसच्या मुलींनी खुर्च्यांना नावांची कार्डं सकाळीच बांधून ठेवली होती. तुझी आणि अंतराची खुर्ची खालच्या स्टेशनात उभी होती, तिला ओरखडासुद्धा नाही. चेपलेल्या खुर्चीचं कार्ड मी सोडून खिशात घातलं. त्यावर अमरीन आणि अयान अशी नावं आहेत.

शरीफभाईंना सांगितलं नाही. ते इथेच शेजारी उभे आहेत, पत्र कधी संपतंय म्हणून वाट बघतायत. एवढं पाणी फुकट घालवलंत साहेब, म्हणून मघाशी हसले. आता म्हणतात, पोरं उद्या फार रडतील, बूट तसेच डब्यात राहिले.

रडू देत, ताई. पोटभर रडू देत.

तुझ्या मायेतला,
अतुल