पहिला भाग न पाहता

५ जानेवारी १९८६, रविवार

नाट्यस्पर्धेची परीक्षक व्हायला हो म्हटले. दोन अटींवर.

एक — नाटक संपले की तिथल्या तिथे गुण लिहायचे, पाकीट बंद करायचे. नंतर बदल नाही. दोन — खटकचिंचोळीच्या नाटकाच्या पहिल्या भागाबद्दल माझ्यासमोर कोणी अवाक्षर काढायचे नाही.

माणिकराव आमच्या नाट्यमंडळाचे चिटणीस. पोस्टातून निवृत्त झाले, पण भालकीतली प्रत्येक बातमी अजून त्यांच्याच हातून जाते. म्हणाले, "बाई, पहिला न पाहता दुसरा कसा कळायचा?" म्हटले, न कळला तर तो लिहिणाऱ्याचा दोष.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या वेळी मी हैदराबादला होते, थोरल्या बहिणीच्या, सुमतीच्या ऑपरेशनसाठी. परत आले तर गावभर एकच विषय — खटकचिंचोळीकरांचा ‘वडाखालचा थांबा’. पहिल्या नंबरची ढालही त्यांनीच नेली. यंदा त्यांनी त्याचाच दुसरा भाग बसवला आहे. माझ्याबरोबरचे दोन परीक्षक — कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले अच्युतराव आणि नलिनीबाई, माझ्याच शाळेत मराठी शिकवायच्या — दोघेही पहिल्याच्या प्रेमात. पडदा वर जायच्या आधीच यांच्या मनात तुलना तयार. पहिला न पाहिलेली एक तरी व्यक्ती तिथे हवी. ती मी.

७ जानेवारी

ही अट लहरीपणा नव्हे. मुख्याध्यापिका असताना शाळेत माझा नियम होता — थोरलीची गुणपत्रिका धाकटीच्या वर्गशिक्षिकेने पाहायची नाही. "तू अमकीची बहीण ना, मग गणितात अशी कशी?" हे वाक्य जिने वर्गात उच्चारले, तिला मी ऑफिसात बोलावून घेतले.

मला स्वतःला मॅट्रिकपर्यंत ‘सुमतीची धाकटी’ म्हणत. पहिली आले तरी, नापास झाले तरी.

९ जानेवारी

चनमल्लप्पा फाटकाशी आले. हेच ते नाटककार. खटकचिंचोळीत कापडाचे दुकान. घरात कानडी, दुकानात दोन्ही, आणि नाटक मात्र मराठीत. माल घ्यायला भालकीला आले होते.

"बाई, एकच सांगतो. पहिल्या भागात आमचा जो—"

"बोलू नका."

"पण त्यानं तुम्हाला दुसरा—"

"चनमल्लप्पा!"

हसले. "बरं, न्हाई बोलत. पाणी तरी द्याल का, का त्यालाबी अट हाय?"

पाणी दिले. तांब्या उंच धरून प्यायले. जाताना म्हणाले, "आमच्या जत्रंला या. तवर तुमचं पाकीट बंद झालेलं असंल. तिथं पहिला भाग करायलो."

मागाहून माणिकरावांनी खरी गोष्ट सांगितली. खटकचिंचोळीच्या पंचांना पुढच्या वर्षापासून जत्रेत नाटक नको आहे. उदगीरहून व्हिडिओ आणायचा, एका रात्रीत तीन सिनेमे. "नाटकासाठी दोन-दोन महिने पोरं तालमीत, शेत कोण बघणार?" असे त्यांचे म्हणणे. चनमल्लप्पांनी कबूल करून घेतले आहे — यंदाही ढाल आणली तर नाटक राहील. नाही आणली तर व्हिडिओ, आणि मग कायमचाच.

हे मला सांगायला नको होते, असे मी माणिकरावांना स्पष्ट बजावले. गुण देताना गावाची जत्रा डोळ्यांपुढे कशाला?

१२ जानेवारी, रविवार

औरादचे नाटक. हुंड्याचा विषय, नवीन काही नाही. पण पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचला. चांगले गुण दिले.

१८ जानेवारी

हुलसूरचे ऐतिहासिक. तलवारी पत्र्याच्या, खणखणाट खरा. राजा प्रत्येक वाक्याला टाळी मागत होता आणि लोक देत होते. अच्युतरावही देत होते. मी बरेच कमी गुण दिले. आरडाओरडा म्हणजे अभिनय नव्हे.

१९ जानेवारी, रविवार

खटकचिंचोळी. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोक आधीपासूनच हसायच्या तयारीने आलेले.

वडाखाली एक बस थांबा, एक दगडी बाक. बस आता नव्या रस्त्याने जाते, थांबा बंद होणार अशी आवई आहे. तरी चार माणसे रोज येऊन उभी राहतात. एवढेच नाटक. आणि भाषा! एक शब्द जास्तीचा नाही. भाजीवालीचे काम दानम्मा म्हणून एका बाईनेच केले, मिशा काढलेल्या बाप्याने नव्हे. तिचे कंडक्टरशी भांडण अजून कानात आहे.

"तिकीट कशाचं मागायलास? बस कुठाय?"

"नियम हाय अक्का. थांब्यावर उभारलं की तिकीट."

"मग तुझ्या नियमाला चाकं लावून आण. बसते."

हशा पिकला. पण तेवढाच. पुढे नाटक गंभीर होत जाते. मागून कोणी ओरडले, "अहो, हसवा की!" नटांनी लक्ष दिले नाही, ते बरे केले.

खटकले ते एकच. येणारा प्रत्येक जण हॉटेलातून दोन चहा आणतो. एक स्वतः पितो, दुसरा पेला बाकावर ठेवतो. कोणी तो उचलत नाही, कोणी त्याबद्दल बोलत नाही. नाटक संपेपर्यंत चार पेले तसेच. शेवटी बस येते, थांबते, कोणी चढत नाही. सगळे त्या बाकाकडे बघत राहतात आणि पडदा. हॉलमध्ये चिडीचूप. कंटाळले असावेत.

जी वस्तू वापरायची नाही ती रंगमंचावर आणायची कशाला? हा ढिसाळपणा. त्याचे गुण कापले. त्यामुळे औराद पहिले, खटकचिंचोळी त्याच्या किंचित खाली, हुलसूर फार खाली. असा माझा क्रम.

गुण लिहिताना अच्युतराव म्हणाले, "गेल्या साली पोट धरधरून हसलो होतो बाई. ह्यात काय हाय? पहिल्यात तो—" मी बोट वर केले. ते थांबले.

नलिनीबाई डोळे पुसत होत्या. म्हटले, "रडू आले म्हणून गुण द्यायचे नसतात. कांदा चिरतानाही येते." त्यांनी कागदावर खोडून पुन्हा काहीतरी लिहिले.

पाकिटे बंद. माणिकरावांच्या कपाटात. निकाल २ फेब्रुवारीला, मंडळाच्या वार्षिक दिवशी.

२१ जानेवारी

मनाशी ताडून पाहिले — नाटकावर अन्याय होतो तो असा. माणूस मागच्या वर्षीचे हसू मागायला येतो. ते मिळाले तर म्हणतो, तेच ते. नाही मिळाले तर म्हणतो, पहिल्यासारखे नाही. दुसऱ्या भागाने करायचे काय?

माझी अट योग्यच होती.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन करून दुपारच्या बसने खटकचिंचोळीच्या जत्रेला गेले. पाकीट बंद, आता अट संपली.

चनमल्लप्पांनी बायकांच्या बाजूला पुढे सतरंजी टाकून दिली. शेजारी नागव्वा नावाच्या बाई. पांढरे कपाळ, डोक्यावरून पदर. नाटक दिवेलागणीला सुरू झाले.

तोच वड, तोच बाक. बाकावर एक म्हातारा. गावच्या रेवणसिद्धप्पाने केला, नवशिका, पुष्कळदा अडला. या म्हाताऱ्याला कुठेच जायचे नसते. नुसता बसून राहतो. जो येईल त्याला सांगतो, "बस यायलीय, बसा की," आणि त्याच्याकडून चहा उपटतो. चहा मागवायला कोणी विसरले की विचारतो, "आन् माझा?"

एवढेच दोन शब्द. पण रेवणसिद्धप्पाने ते म्हणायच्या आधी सगळे पटांगणच म्हणाले — बाया, पोरे, झाडावर बसलेले, सगळे — "आन् माझा?"

मीही हसले. मग हसू थांबले.

नागव्वा हसत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या. मी विचारले, गेल्या वर्षी हे काम कोणी केले होते?

"आमच्या मालकांनी. सिद्धलिंगप्पा. दिवाळीच्या आदल्या दिशी गेले. छातीत कळ आली." मग म्हणाल्या, "चनमल्लप्पाअण्णा म्हणले, त्यांच्या जागी दुसऱ्याला उभारून पुढचा भाग लिहायचा न्हाई. बाक तसाच ठिवायचा. आज रेवण्या उभारला ते पंच म्हणले म्हणून. जत्रंत पहिलाच पायजे म्हणले." पटांगणाकडे हात करून, "लोकं त्यांच्यासारखंच म्हणायलेत. ऐकायलाव न्हवं?"

चार पेले. ते त्या म्हाताऱ्याचे होते.

आणि हॉल कंटाळून गप्प झाला नव्हता.

निघताना चनमल्लप्पा भेटले. बस थांब्यापर्यंत सोडायला आले. मीच म्हटले, "दुसऱ्या भागात एक वाक्य घालायला काय झाले होते? म्हातारा गेला, एवढे."

"घातलतो बाई. मग काढलो. गावात कुणाला सांगावं लागतंय, तो गेला म्हणून?"

माझ्यासारखीला सांगावे लागते. ते मी बोलले नाही.

२७ जानेवारी

रात्रभर एकाच प्रश्नावर मन. दुसऱ्या भागाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हे माझे मत अजून आहे. पण कोणाचा हात धरून चालणाऱ्या मुलीचे, पाय नाहीत म्हणून, मी गुण कापले. हा न्याय नव्हे. अच्युतरावांनी नाटक पाहिले ते मागे वळून. मी पाहिले ते एक डोळा झाकून. आणि त्या झाकलेल्या डोळ्याचा अभिमान बाळगला.

गुण बदलता येणार नाहीत. नियम माझाच. मग दुसरा मार्ग एकच.

सकाळीच माणिकरावांकडे गेले. अच्युतरावही तिथे पेपर वाचत बसले होते.

"माझे पाकीट फोडू नका. मी परीक्षक नाही असे समजा."

"बाई, पाकीट बंद झालं की बदल न्हाई, हा तुमचाच नियम."

"मी बदलत नाही. काढून घेते. अर्धे नाटक पाहून पूर्ण गुण दिले मी."

अच्युतराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "एवढं कशाला ताणायलाव बाई? नाटकच हाय, कोर्ट न्हवं."

"तुम्ही पेशकारीत असेच म्हणत होतात का?"

पेपर वर झाला.

माणिकरावांनी कार्यवृत्तात नोंद केली. निकाल दोघांच्या गुणांवर. दोघांनीही दोन्ही भाग पाहिलेले आहेत, तेच योग्य. माझ्यामुळे औराद वर जात होते, ते आता जाणार नाही. नलिनीबाई तर रडल्या होत्या. त्या हात आखडता घेणार नाहीत.

बरे वाटले. जेवण नीट गेले.

२ फेब्रुवारी, रविवार

ढाल हुलसूरला.

खटकचिंचोळी दुसरी. औराद तिसरे. राजाने ढाल डोक्यावर धरून मिरवणूक काढली. चनमल्लप्पा सगळ्यांशी हात मिळवून गेले. मला लांबूनच नमस्कार केला.

३ फेब्रुवारी

माणिकरावांनी माझे पाकीट न फोडता घरी आणून दिले. सोबत निकालाचा तक्ता. सवयीने बेरीज केली.

दोघांनीही हुलसूरला खटकचिंचोळीच्या थोडेसे वर ठेवले आहे. थोडेसेच. मी हुलसूरला इतके खाली टाकले होते, आणि खटकचिंचोळीला — पेल्यांचे गुण कापूनही — इतके वर, की तिघांची बेरीज धरली तर खटकचिंचोळी पहिली येते. औराद तेव्हाही तिसरेच.

पुन्हा केली. तेच.

तिघांत त्या नाटकाला सगळ्यात जास्त गुण माझे.

संध्याकाळी नलिनीबाईंकडे गेले. ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. विचारले, खोडून काय लिहिलेत त्या दिवशी?

"कमी केले बाई. आधी पुष्कळ दिले होते. तुम्ही कांद्याचं म्हणालात ना, मग मला माझाच भरवसा वाटेना."

सूप हातातच राहिले त्यांच्या. "का? चुकलं का काही?"

तुमचे नाही, म्हटले.

६ फेब्रुवारी

दुपारी चनमल्लप्पा आले. पुढच्या जत्रेसाठी व्हिडिओवाल्याला पंचांनी सुपारी देऊन टाकली, म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. मग हात जोडले. "पर बाई, तुम्ही आमच्यापायी सोताचे गुण काढून घेतलाव, असं ऐकलो. इतकं कोन करतंय? तेवढं सांगायला आलो."

बसा म्हटले. चहा ठेवला त्यांच्यापुढे. मग तक्ता आणि पाकीट आणून सगळे सांगितले.

चहा तसाच राहिला.