तीन, दोन, चार, एक

अल सद्द, दोहा
शुक्रवार, ११ जुलै २००८

प्रिय सचिन,

‘प्रिय’ हा शब्द पत्राची रीत म्हणून लिहिला आहे, त्यावरून काही समज करून घेऊ नकोस. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला लिहिली नाहीस, आणि ते दोघांनाही बरं होतं. पण दहिवडीच्या स्टँडमागे तू व्हिडिओ गेमचं दुकान काढलंस, चार टीव्ही मांडलेस आणि पोरांना खेळवता खेळवता कतारच्या गोष्टी सांगतोस, हे मला इथे बसून कळतं. त्या गोष्टींत फजल नावाचा एक खबऱ्या असतो, हेही कळतं. गेल्या वर्षी तुमच्याकडचा एक सुतार इथे कामाला आला. माझं नाव ऐकून त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे ते शिंपी तुम्हीच?” आमच्या हर्णैच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी सुईत दोरा ओवलेला नाही. तरी मला कळलं तो काय विचारतोय ते.

तू मला ओळखतोस. मी बोलायला उभा राहिलो की मागे हटत नाही. १९९९ साली अल खोरच्या कॅम्पात, शुक्रवारच्या जेवणानंतर, मेसमधल्या साठ माणसांपुढे मी अशाच एका व्हिडिओ गेमविरुद्ध पाऊण तास बोललो होतो. गाडी चोरा, रस्त्यातल्या म्हाताऱ्याला चिरडा, शिपायाला गोळी घाला आणि वर गुण मिळवा. गुलामगिरीपासून महायुद्धापर्यंत जगातला प्रत्येक अत्याचार आधी करमणूक म्हणून सुरू झाला, असं मी गरजलो होतो. टाळ्या पडल्या. खोलीवर आलो तर तू माझ्याच खाटेवर बसून तोच खेळ लावला होतास आणि आपल्याच खोलीतले, तुझे कामावरचे जोडीदार पोपटराव शेजारी मांडी घालून बसले होते. “फजलभाई, भाषण एकदम झकास झालं,” तू म्हणालास, “आता जरा हे येडं इंग्रजीत काय बोलतंय तेवढं सांगा.” निर्लज्जपणाची हद्द होती ती. आणि माझ्या मूर्खपणाचीही, कारण मी सांगितलं.

मग दर शुक्रवारी दुपारी तेच. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आपण त्याला ‘टोळी’च म्हणायचो. रिमोट तुझ्या हातात. पोपटराव ओरडायला: “आरं डावीकडं, डावीकडं घे की, खड्ड्यात घालतोस का मला!” आणि संवाद आले की मराठी करायला मी. त्या गुंडांच्या तोंडची शिवराळ बडबड मी भरजरी मराठीत तुमच्यापुढे मांडायचो. दोन शब्दांची शिवी मी चार वाक्यांचं आव्हान करून सोडायचो. एकदा पोपटराव म्हणाले होते, “भाई, त्या कोटवाल्याचं तोंड दोनदाच हाललं, तुम्ही मातूर लई बोललात.” आपण हसलो. त्या सरळ माणसाने माझा रोग तेव्हाच ओळखला होता. मला रिकामी जागा बघवत नाही. दिसली की मी ती भरतो.

त्या पहिल्या डिस्कचा शेवट तुला आठवत असेलच. तुरुंगातून सुटून आलेला नायक आपल्या जुन्या मित्राला शोधत जातो. तो म्हातारा, लंगडा शिंपी. त्याने पोलिसांना नाव सांगितलं म्हणून नायक सात वर्षं आत होता. शिंपी दुकानात शिलाई मशीनपाशी उभा राहतो, बोलायला तोंड उघडतो, आणि तू गोळीचं बटण दाबलंस. त्याचं पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाहीस. पोपटराव म्हणाले, “आरं, काय म्हनत हुता त्यो?” मला ते ऐकू आलंच नव्हतं. पण मी काय केलं? मी ती जागा भरली. म्हणालो, “तो म्हणत होता, मी भित्रा आहे, मला माफ कर.” खबऱ्याला याहून वेगळं बोलण्याचा हक्क नाही असं माझं ठाम मत होतं. त्या दिवसापासून आपल्या खोलीत ‘शिंपी’ ही शिवी झाली. कुणी सुपरवायझरच्या कानाला लागला की शिंपी. ही शिवी माझी निर्मिती आहे. दोन वर्षांनी तू ती भर मेसमध्ये, चाळीस माणसांसमोर, माझ्या तोंडावर फेकलीस आणि माझ्या ताटाशेजारी थुंकलास. मी ताट उचललं आणि उठून गेलो. आयुष्यात तेवढ्या एका वेळी मी बोललो नाही.

आता तुझी गोष्ट घेऊ. ती तू कशी सांगतोस ते त्या सुताराने मला शब्दशः ऐकवलं. एप्रिल २००१, पंपहाऊसच्या विजेच्या पॅनलवर पोपटरावांचा उजवा हात भाजला, मनगटापासून काढावा लागला. चौकशी लागली. हजेरी ठेवणारा टाइमकीपर फजल मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला आणि तुझं नाव घेतलं: सचिन साइटवर नव्हता, बाहेर खाजगी काम करायला गेला होता. चार दिवसांत तुझा व्हिसा रद्द, तुला विमानात बसवलं, परत यायला दोन वर्षं बंदी. खलास. यातला शब्दन् शब्द खरा आहे, म्हणून तर मला तुझा एवढा संताप येतो. खोटं बोलला असतास तर मी तुला एका सभेत झोडपून मोकळा झालो असतो. तू मधूनच सुरुवात करतोस, आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही.

या वर्षी इथल्या मराठी लोकांच्या मेळाव्यात मुलांच्या खेळांवर बोलायला मला बोलावलं आहे. ज्याच्यावर बोलायचं ते मुळातून वाचल्याशिवाय मी बोलत नाही. म्हणून ऑफिसातल्या एका पोराकडून ‘टोळी’च्या चारही डिस्क मागून घेतल्या. तो म्हणाला, “अंकल, बाजारात आल्या तशा नका खेळू. स्टोरी घडली तशी खेळा. आधी तीन, मग दोन, मग चार, शेवटी एक.” कारण त्या खेळाच्या कंपनीने शेवट आधी विकला होता. दुसरी आणि तिसरी डिस्क आणखी आणखी मागच्या काळात गेली, चौथी दुसरी आणि पहिलीच्या मधली निघाली. आपण पहिली खेळलो ती प्रत्यक्षात शेवटची होती.

सहा शुक्रवार लागले. रिमोट माझ्याच हातात, डावीकडे-उजवीकडे सांगायला कुणी नाही. दहा वेळा गाडी समुद्रात घातली. तिसऱ्या डिस्कमध्ये तो शिंपी वीस वर्षांचा आहे, लंगडत नाही. दुकानावरच्या एका खोलीत तो आणि आपला तो नायक, दोघे एका गादीवर झोपतात, एका डब्यातलं खातात. दुसरीत तो लंगडा होतो, ते नायकासाठी लागलेल्या गोळीने. आणि चौथीत, जी तू गेल्याच वर्षी बाजारातून उचलली असशील आणि चोऱ्या-हाणामाऱ्या करत पळवली असशील, तिच्यात एक प्रसंग आहे. टोळीने मारायच्या माणसांची यादी शिंप्याच्या हाती पडते. दुसरं नाव त्याच्या मित्राचं असतं. तुरुंगात असलेल्या माणसाला टोळी मारू शकणार नसते. म्हणून तो पोलिसांकडे जातो.

मी टीव्ही बंद केला. मग स्वतःला विचारलं, फजल, तुझी गोष्ट तू तरी कधी क्रमाने सांगितलीस का? तर आता तीन, दोन, चार, एक या चालीने ऐक, आणि या वेळी बटण दाबू नकोस.

गुरुवार होता. अल सद्दमधल्या कुठल्याशा घरी प्लेस्टेशनला चिप बसवायला तू सकाळच्याच बसने निघालास, खिशात सोल्डरिंग आयर्न घेऊन. चोरीच्या डिस्क चालाव्यात म्हणून लोक तुला बोलवायचे आणि तू कंपनीच्या वेळेत जायचास. हे अकराव्यांदा होतं. मला म्हणालास, “भाई, दहापर्यंत येतो, तेवढी हजेरी लावा.” मी लावली. पंपहाऊसवर दोघांचं काम होतं. एकाने पॅनलमध्ये हात घालायचा, दुसऱ्याने मेन स्विच बंद करून, त्याला कुलूप लावून तिथेच उभं राहायचं. पोपटराव तुझी वाट बघत थांबले होते. नऊ वाजता फोरमन रहमानने मला वायरलेसवर विचारलं, दोनों हैं ना? माझ्यासमोर रजिस्टर उघडं होतं. तुझ्या नावापुढे माझ्याच हाताने लिहिलेलं ‘पी’, म्हणजे हजर, होतं. ते बघून मी म्हणालो, हां, दोनों हैं. रहमानने कामाची परवानगी दिली. तू आलेला नाहीस हे पोपटरावांनी त्याला सांगितलं नाही. तुझी नोकरी जाईल म्हणून ते एकटेच आत गेले. पलीकडच्या शिफ्टच्या माणसाने मेन स्विच बंद, पण बिनकुलपाचा बघितला आणि चालू केला.

हे ‘दोनों हैं’ सात वर्षांत मी कुणालाही सांगितलेलं नाही. आणखी एक सांगितलेलं नाही, तेही ऐक. सोमवारी मॅनेजरच्या टेबलावर पोलिसांना द्यायचा कागद तयार होता. त्यात कुलपाची जबाबदारी असलेला माणूस म्हणून तुझं नाव होतं, कारण रजिस्टर म्हणत होतं तू तिथे होतास. हजर माणसावर खटला आणि तुरुंग. गैरहजर माणसाला फक्त विमान. तो कागद मीच टाइप करायचा होता. मी तो हातात घेऊन केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, हा माणूस तिथे नव्हता, हजेरी मी खोटी लावली. मला टाइमकीपरवरून स्टोअरमध्ये टाकलं. तुझं नाव त्या कागदावरून निघालं. तू मात्र रजिस्टरमध्ये ‘पी’ आहे म्हणून निर्धास्त होतास, आणि त्याच ‘पी’ने तुला गजाआड घातलं असतं. मेसमध्ये हे सांगायला मला एक मिनिट पुरलं असतं. पण मग ‘दोनों हैं’ हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी शिंपी व्हायचं पत्करलं, आणि तू माझ्यावर थुंकून स्वतःला निर्दोष ठरवलंस. आपण दोघांनी एकमेकांचा किती छान उपयोग करून घेतला बघ!

गेल्या शुक्रवारी पहिली डिस्क पुन्हा लावली. शिंप्याच्या दुकानापर्यंत आलो आणि रिमोट चटईवर ठेवून दिला. कुणी बटण दाबलं नाही तर तो बोलतो, सचिन. तीन वाक्यं बोलतो. भित्रा आहे असं म्हणत नाही, माफीही मागत नाही. म्हणतो: “दुसरं नाव तुझं होतं. तू जिवंत असलास तर माझा हिशोब बरोबर आहे. आता काय करायचं ते कर.” नऊ वर्षांपूर्वी ही तीन वाक्यं तू ऐकू दिली नाहीस आणि मी त्यांच्या जागी माझी घातली. तो अजून टीव्हीवर मशीनपाशी उभा आहे. त्याला मारल्याशिवाय खेळ संपत नाही. मी तो संपवलेला नाही.

हे सगळं तुझी क्षमा मागायला किंवा तुला क्षमा करायला लिहिलेलं नाही. पोपटरावांचं गाव तुझ्या दुकानापासून आठ किलोमीटरवर आहे आणि सात वर्षांत तू तिथे दोनदा गेलास, दोन्ही वेळा लग्नाच्या पंगतीला. जूनमध्ये त्यांच्या मुलीचं, अंबिकाचं, मला पत्र आलं. दहावी झाली, आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला तिचं नाव लागलं आहे. वडील अर्जावर सही करत नाहीत. डाव्या हाताने सही येते त्यांना. पण म्हणतात, आपल्या घरातला माणूस निष्काळजी निघाला, पुन्हा कुणी तारेला हात लावायचा नाही. कंपनीच्या अहवालात तसंच लिहून आलं होतं, जोडीदाराविना स्वतःच्या मर्जीने काम केलं म्हणून. कंपनीने माझा कबुलीजबाब तुझ्यापुरता वापरला आणि उरलेला दोष त्या माणसावर टाकला. मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसलो. तुझं नाव घ्यायचं नाही म्हणून तेही गप्प बसले. आता स्वतःच तो अहवाल खरा मानतात. मुलीने एवढंच विचारलंय: “काका, बाबांची खरंच चूक होती का?” महिनाभर मला उत्तर लिहिता आलं नाही. सोबत रजिस्टरच्या पानाची प्रत आहे, ती मी तेव्हाच काढून ठेवली होती. तुझं नाव, माझं ‘पी’, तारीख. प्रवेशाची मुदत एकतीस जुलै आहे. माझी रजा मंजूर झाली. अठ्ठावीसला सकाळी पुण्याहून एसटीने दहिवडीत उतरेन आणि तुझ्या दुकानापुढे उभा राहीन. शटर लावून असशील तर मी एकटा पोपटरावांच्या दारात जाईन आणि दोघांचंही सांगेन. शटर उघडं असेल तर बरोबर जाऊ. तिथे मी आधी बोलणार नाही, कारण मी सुरू केलं की मीच सगळं बोलतो, हे पोपटराव जाणतात. सुरुवात सोल्डरिंग आयर्नपासून आहे, म्हणून पहिलं वाक्य तुझं. ‘दोनों हैं’ आलं की पुढचं मी घेईन.

तुझाच,
फजल शिंपी