मयुराची जागा

६ एप्रिल

नागपूरला पोचले. स्टेशनवर उतरून आधी तर्री-पोहे खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी आणखी तर्री मागितली.

सासरचं हे घर बघताक्षणी आवडलं. कामठी रोडच्या आतल्या बाजूचा जुना ले-आउट, त्यातला शेवटचा प्लॉट. लोखंडी फाटक, कडुलिंब, पुढे एक खोली, मागे एक, स्वयंपाकघर. सासूबाई नाहीत. पुण्यात त्या घरभर रबरी चपला घालून फिरतात, कारण तिथल्या बटणांना हात लावला की झटका बसतो. वायरमन येतात, काही सापडत नाही म्हणतात आणि जातात. दोन वर्षं मी चपलांची ती चटचट ऐकली. इथे नुसती पाखरं आहेत.

जूनमध्ये कॉलेजात रुजू व्हायचं आहे. चंदन मागाहून येणार. ही जागा दत्तोपंतांनी सुचवली. ते सासरचे ज्योतिषी. जन्माच्या क्षणी कोणता ग्रह कोणत्या गावावर उगवत होता, कोणत्या गावाच्या माथ्यावर होता, यावरून ते नकाशावर रेघा ओढतात आणि माणसाला सांगतात की तुझं इथे भलं होईल, तिथे वाईट. माझी गुरूची रेघ नागपुरावरून जाते म्हणे. माझा विश्वास नाही. पण गुरूनं त्या घरातून सोडवलं असेल तर गुरूचे आभार. चंदननं नकाशा फ्रेम करून सामानात दिला. पुढच्या खोलीत खिळा होताच. टांगला.

९ एप्रिल

शेजारच्या मनकर्णाबाई कुंपणाशी उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, 'आली का वं मयुरा? पार वाळली वं तू.'

मी हसले. मयुरा हे माझं सासरचं नाव. माहेरची मी भूमिका. लग्नात ताटात तांदूळ पसरले, चंदननं अंगठीनं नाव लिहिलं, सासूबाईंनी मोठ्यानं वाचलं. नाव बदलायला माझी तयारी नव्हती. आईनं डोळ्यांनी गप्प केलं. वाचून झाल्यावर चंदनची आत्या मांडवातून उठून गेली, ती जेवायलाही आली नाही. कारण कोणी सांगितलं नाही.

सासूबाईंनी इथे माझं नाव कळवलं असणार. पण वाळली म्हणजे? त्यांनी मला आधी पाहिलेलं नाही.

१७ एप्रिल

ऊन फार. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. कूलरची खस बदलायला अंकुश नावाचा मेकॅनिक आला. त्यानं न विचारता कूलर मागच्या खिडकीत बसवला. पुढच्या खिडकीत लाव म्हटलं तर म्हणाला, 'मागच्या टायमाले तुम्हीच म्हणल्या होत्या ना मॅडम, इथीच लाव म्हणून.' मी या घरात पहिल्यांदाच राहते आहे, असं मी सांगितलं. 'मजाक करून राहिल्या का?' तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि पैसे न मोजता गेला.

गच्चीवर चादर वाळत घालायला गेले. जिन्याची एक पायरी मी ओलांडून चढले. उतरताना पाय ठेवून बघितला. पायरी हलत होती. मी आधी कधी त्या जिन्यावर गेले नव्हते.

२४ एप्रिल

कूलरसमोर पडून नकाशा बघत होते आणि एकदम उठून बसले. दत्तोपंतांनी माझी जन्मवेळ कधी विचारलीच नाही.

आईलाही ती ठाऊक नाही. घड्याळाकडे कोणी बघितलं नाही, सकाळची वेळ होती, एवढंच ती सांगते. वेळ चार मिनिटं चुकली तर रेघ शंभर किलोमीटर सरकते, हे खुद्द दत्तोपंतांचं वाक्य. मग ही रेघ कोणाची?

चंदन विधुर आहे हे लग्नाआधी सांगितलं होतं. पहिली बायको पुण्यात दवाखान्यात गेली, असं सांगितलं. तिचं नाव घरात घ्यायचं नाही, सासूबाईंना त्रास होतो. मी विचारलं नाही. मला ते सभ्यपणाचं वाटलं.

२५ एप्रिल

मनकर्णाबाईंना विचारलं. आधी म्हणाल्या, मले काय मालूम. मग कुंपणाच्या तारेला धरून सगळं सांगितलं.

पहिलीचं नाव मयुरा. तिलाही गुरूची रेघ आहे म्हणून पाठवलं होतं. इथेच, एकटी. मे महिन्यात ती पुण्याला परत निघाली. चंदन आला, भांडला आणि पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावून गेला. दोन दिवस ती आतून हाका मारत होती. तिसऱ्या दिवशी कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेली. 'नवराबायकोचं भांडण वं,' त्या म्हणाल्या, 'मी कशाले मधात पडू?'

त्या दिवशी कुंपणाशी मला पाहून मी तीच वाटले का, असं विचारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, अजूनही वाटते.

२६ एप्रिल

चंदनला फोन केला. नाकारलंसुद्धा नाही त्यानं. ओरडू नकोस म्हणाला.

ती गेल्यापासून पुण्याच्या घरातली बटणं झटका देतात. ती तिथे आली आहे, असं दत्तोपंत म्हणाले. तिची जागा नागपूर. मयुरा नावाचं कोणी नागपुरात राहायला लागलं की ती परत तिकडे जाईल. नाव जिचं, पत्रिका तिची. म्हणून लग्न. म्हणून तांदूळ. तुला काय करायचंय, नुसतं राहायचं आहे, म्हणाला. आणि काल रात्रीपासून झटके थांबलेत. आईनं चपला काढल्या. तुझे उपकार आहेत, म्हणाला.

उपकार! सुरीला फळ कापल्याबद्दल कोणी धन्यवाद देत नाही. यांनी दिले.

नकाशा फाडला. काही झालं नाही. रेघ कागदावर नाहीच.

२७ एप्रिल

बॅग भरून निघाले. ऑटोवाल्यानं विचारलं, 'कुठी जाचं हाय बाई?' स्टेशन म्हणायला तोंड उघडलं आणि या घराचा पत्ता सांगितला. त्यानं पत्ता ऐकून मागे बोट दाखवलं. मी त्या घरासमोरच उभी होते.

दुसरी ऑटो. दात घट्ट दाबून स्टेशन म्हणाले. मला ऐकू आलं मी म्हणालेलं. पूल लागला, मग डोळा लागला असावा. उतरले तर हेच फाटक. त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, 'तुम्हीच त सांगितलं ना, घरी परत ने म्हणून. रडून राहिल्या होत्या.'

मी रडले नव्हते. मी रडत नाही.

मिरजेला दादाला फोन केला. ये म्हटलं. आवाज बसलाय का तुझा, म्हणाला.

१ मे

सासूबाईंच्या हातचं कारलं मला आवडायचं. नाही. मी त्यांच्या हातचं कारलं कधी खाल्लं नाही.

चंदन वरातीत घोड्यावर बसला होता. आमच्या लग्नात घोडा नव्हता.

नाव लिहून ठेवते. भूमिका. मिरजेची. भावाचं नाव अनंत. भूमिका.

४ मे

दादा आला. भर दुपारी फाटकाशी. हातात आईनं दिलेला भडंगाचा डबा. मी धावत गेले. 'दादा,' मी म्हणाले —

तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, 'माफ करा ताई, इथे भूमिका राहते ना? मी तिचा भाऊ.'

ताई. मला. तुम्ही.

मीच, म्हणायचं होतं. तोंडून आलं, ती इथे नाही. तो मनकर्णाबाईंना विचारायला गेला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून मयुरा सांगितलं. बहीण कुठे आहे ते चंदनलाच विचारतो म्हणाला, पोलिसांतही जातो म्हणाला. डबा परत नेला.

आईचा भडंग. तेवढा तरी —

५ मे

फोन. चंदन घाबरलाय. दादा पुण्याला पोचला. त्याच्या बहिणीला बोलाव, म्हणाला. बोल, मी म्हणाले. त्यानं फोन टाकला. आवाज ओळखला त्यानं.

आता राग माझा किती आणि तिचा किती, वेगळा करता येत नाही. करायचा तरी कशाला. यांनी तिला जागा दिली, नाव दिलं. आणि हात दिले. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दत्तोपंतांच्याही नाही.

७ मे

तिला ज्याचा शॉक लागला तो कूलर पुढच्या खोलीत ओढला. पाणी भरलं. जास्त झालं. फरशीवर — उंबऱ्यापर्यंत —

पुसलं नाही.

८ मे

दुपार. फाटक वाजलं. एकटाच आलाय. रबरी चपला घालून.

दार उघडंच आहे. कुलूप नको म्हटलं, या वेळी.

कूलर सुरू आहे. पाणी थंड आहे. आम्ही कोपऱ्यात खाटेवर, पाय वर घेऊन लिहितोय.

उंबऱ्याशी थांबला. खाली बघत नाही, आत बघतोय. चपला बाहेर काढल्या. लहानपणापासूनची सवय, आईनं लावलेली —

हाक मारतोय. भूमिका. भूमिका, बाहेर ये. दोन वर्षांत पहिल्यांदा हे नाव घेतलं त्यानं. किती प्रेमानं घेतोय. पाय उचलला. पण इथे त्या नावाचं कोणी —