काजळानं काढलेलं गोंदण

माय, तुझा हात काल मी बैठकीत भिंतीवर लावला. नुसता हातच, मनगटापर्यंत. बाकी सगळा फोटो त्या जंगलातल्या म्हातारीचा आहे. सून म्हणाली, "ही बाई कोण? आपली कोणी लागते का?" म्हटलं, लागत नाही, पण तिचं कोपर ज्या हातानं धरलंय ना, तो माझ्या मायचा. मग तिला सगळं सांगत बसले. सांगताना लक्षात आलं, त्या दिवसाचं मी तुला स्वतःला कधीच काही बोलले नाही.

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणायचे. गोल बाजाराच्या चौकात बाबा तीन पायांवर त्यांचा लाकडी डब्बा उभा करत, काळ्या कापडात डोकं खुपसत आणि फोटो डब्यातच धुऊन गिऱ्हाइकाच्या हातात ओलाच ठेवत. चैतात महाकालीच्या जत्रेला बायाबापड्या यायच्या, त्या गिऱ्हाइकीवर आपलं घर पुढं कितीतरी दिवस चालायचं. त्या वर्षी जत्रेच्या पहिल्या दुपारी आपण दोघी बाबांची भाकर घेऊन गेलो, तर चौकात ही गर्दी! मधोमध एक गोंड म्हातारी, हातात ओला फोटो, आणि आवाज असा खणखणीत की पार जटपुरा दरवाज्यापर्यंत जावा.

"भाऊ, माह्यं गोंदण कुठी गेलं? तुह्या डब्यानं गिळलं काय?"

बाबा बिचारे घामाघूम. "बाई, गोंदण हिरवं असते. या कागदाले हिरवं दिसतच नाई. मी काय करू?"

"मंग हा हात माहा नाई. मेल्यावर सगळं इथीच राह्यते, गोंदण तेवढं संगं येते. तेच नाई तं माह्या पोरीनं मले ओळखावं कसं?" तिची लेक दूर सिरोंच्याकडे दिलेली होती, तिच्यासाठी तिला फोटो पाठवायचा होता. पानवाला खो खो हसला, म्हणाला, डब्यात भूत हाय. झालं! रांगेतल्या बाया एकमेकींच्या हाताकडे बघून मागं सरकायला लागल्या. पहिल्याच दिवशी डब्याचं नाव असं बद्दू झालं तर जत्राभर कोण बसणार होतं त्याच्यापुढं?

आणि तू पुढं होतेस. भाकरीचं फडकं माझ्या हातात देतेस, कमरेच्या बटव्यातून धाकट्याची काजळाची डबी काढतेस. "थांबा बाई, काऊन जाता?" बाबा दातओठ खाऊन म्हणतात, "तू घरी जाय. लोक पाहून राह्यले." तू वळूनसुद्धा बघत नाहीस. "पाहू द्या. तुमाले तिच्या अंगाले हात लावता येत नाई. मले येते." माय, काय सांगू, मला तेव्हा शरमेनं फडक्यात तोंड लपवावंसं वाटलं होतं. आता ते वाक्य मी नातींना तुझ्या आवाजात म्हणून दाखवते.

शेजारच्या दुकानातून तू मूठभर तांदळाचं पीठ मागून आणलंस, म्हातारीच्या काळ्यासावळ्या हातावर चोळून तो पांढरा केलास आणि आगकाडीच्या टोकानं एकेक रेघ काजळानं गिरवत गेलीस. ती सांगत होती, ही मायघरची, ही सासरची. तुझ्याही मनगटावर विंचवाचं गोंदण होतंच, तुला काय ते वेगळं शिकवायचं होतं? फोटो निघेपर्यंत म्हातारीचा हात हलू नये म्हणून तू कोपर धरून ठेवलंस. बाबा कापडातून ओरडले, "हात काढ!" तू काढला नाहीस. फोटो आला, तर रेघन् रेघ उमटलेली. म्हातारीनं बोटाला थुंकी लावून आधी फोटोवर घासून पाहिलं. मग म्हणाली, "हा दुसरा हातबी राहू दे. चांगला हाय." त्या संध्याकाळपर्यंत बाबांना भाकर खायला उसंत मिळाली नाही. पुढं दर जत्रेत बाया चौकात यायच्या त्या विचारतच, काजळवाली कुठी बसते? आणि बाबा, आपले तोऱ्यातले बाबा, मुकाट्यानं तुझ्याकडे बोट दाखवायचे.

म्हातारी तिचा फोटो घेऊन गेली. काळ्याचं पांढरं दाखवणारा उलटा कागद मात्र बाबांच्या पेटीत राहिला होता, त्यावरून मी आता हा नवा काढून घेतला. तुझा दुसरा फोटोच नाही, माय. जत्रेतल्या एवढ्या बाया तू सजवल्यास, पण स्वतः कधी डब्यापुढं बसली नाहीस. आणि या हातावर तुझं गोंदण नाही. तू तुझ्या मनगटाला कुठं काजळ लावलं होतंस! म्हातारीचं खरं मानलं तर ते तू संगं नेलंस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, फोटोच्या मागंच सरकवून ठेवते. फक्त एक सांगते. फोटो भिंतीवर लावण्याआधी मी काजळाची डबी घेऊन बसले होते, आणि आगकाडीनं तुझ्या मनगटावर तुझा विंचू काढला. नांगी अंगठ्याकडे होती की करंगळीकडे, ते काही केल्या आठवेना. मी अंगठ्याकडे काढली.